आधी कुठलं टोक?

१

मुक्तामामी बारामतीला आली की आधी बाजार, मग देऊळ आणि शेवटी माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, असा तिचा ठरलेला क्रम. त्या दिवशी ती एस्टीतून उतरून सरळ दुकानातच आली. हातात पिशवीसुद्धा नव्हती. मी समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि मामीला खुर्ची दिली.

"तुझ्या मामाला चोर ठरवलाय," ती म्हणाली. "रविवारी मिटिंग हाय. कामावरनं काढणार हायत."

दत्तोबामामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. लासुर्ण्याच्या पुढं त्यांची वाडी आहे, तिथल्या चारीवर ते पाटकरी आहेत. कालव्यातून चारीत पाणी आलं की कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे पाटकऱ्याचं काम. या कामात शिव्या खायची तयारी लागते आणि मामा त्या निम्मं आयुष्य हसून खात आले. पण चोर म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

झालं होतं ते असं. चारीवर आठ दारं. कालव्याच्या तोंडाशी पहिलं, त्याला सगळे हेड म्हणतात. शेवटी आठवं, ते टेल. पूर्वी हेडवाले आधी पाणी घ्यायचे आणि टेलला ओल पोचेपर्यंत वरून पाणी बंद व्हायचं. मग गावच्या पाणीवापर संस्थेनं नियम केला की पाणी टेलपासून द्यायचं, आठ आधी आणि एक शेवटी. दारांना मोटारी बसल्या आणि त्या चालवायला मामांच्या केबिनमध्ये एक संगणकाचं खोकं आलं. गेली काही वर्षं सगळं सुरळीत होतं.

या आवर्तनात, म्हणजे कालव्याला यंदा पाणी सुटलं तेव्हा, मात्र मामा सांगत राहिले की आठचं दार उघडलंय, आणि टेलचे लोक कोरड्या चारीत वाकून बघत राहिले. मामा म्हणाले, पाणी पोचायला वेळ लागतो, पालापाचोळा अडकला असेल. शेवटी टेलचे चारजण चारीकडेनं वर चालत आले. हेडचा चारीलगतचा ऊस पाणी पिऊन तृप्त उभा होता. त्यांनी आरडाओरडा करेपर्यंत पाटबंधारे खात्यानं पाणी आवरतं घेतलं. सहा, सात आणि आठ नंबरची रानं तशीच राहिली.

रेश्मा, म्हणजे माझी बायको, तेवढ्यात कॉलेजमधून आली होती. ती मुलांना संगणकाची सी भाषा शिकवते, त्यामुळे घरातही एखादा अर्धविराम राहिला तर तिला खपत नाही. तिनं मामीला एकच गोष्ट विचारली, मामा आठचं दार उघडलंय असं कशावरून म्हणाले.

"खोक्यावर दिसत हुतं की. मी त्यांची भाकरी घेऊन गेल्ते, मी सवता बघितलंय. आठ उघडं, बाकी सगळी बंद."

"दार आठचं उघडं आणि पाणी एकच्या रानात," रेश्मा स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, दुकान बंद करता का जरा?"

२

मामा ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसले होते. गुडघा सुजलेला. घरात धड कुणी जेवलेलं दिसत नव्हतं. रेश्मानं विचारलं तेवढ्याची त्यांनी उत्तरं दिली, पण आवाजात जीव नव्हता. खोकं आल्यापासून चारीनं हिंडायची गरज राहिली नव्हती. गुडघ्यामुळं ते बरंच झालं होतं. केबिनमध्ये बसायचं, खोक्यावर काय दिसतं ते लोकांना सांगायचं, कचरा अडकला तर काढायचा.

"माझी एवढीच चूक हाय सूनबाई, खोक्यावर इस्वास ठिवला. आन् लोकांनी खोक्यावर ठिवला, माझ्यावर न्हाय ठिवला."

केबिनची किल्ली त्यांच्याकडं आणि संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्याकडं. खोक्याला हात लावायचं म्हटलं तर मामांना मोबाईलवर गाणं लावता येत नाही. गावाचं म्हणणं होतं की त्यांनी मोटारीच्या वायरी बदलल्या असतील. रेश्मानं केबिनमध्ये जाऊन वायरी बघितल्या. प्रत्येक वायरीवर रंगानं नंबर घातलेला, वरून धूळ बसलेली आणि कोळ्याचं जाळं अखंड. कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

परत येताना पाचव्या दारापाशी रंगूबाई भेटल्या. कांद्यात खुरपत होत्या. त्यांची काही तक्रार नव्हती, पाणी मिळालं होतं. रेश्मा तरीही बांधावर बसली आणि गप्पा मारत राहिली. अशा वेळी मी गाडीपाशी उभा राहून दोन्ही बाजूंच्या उसाची उंची मोजतो, दुसरं करण्यासारखं काही नसतं.

रंगूबाई म्हणाल्या की पाणी आलं खरं, पण त्यांच्या पाळीला आलं नाही. खोकं पाच म्हणत होतं तेव्हा त्यांच्या रानात थेंब नव्हता, शेजारच्या चार नंबरवाल्याच्या मकेत पाणी पडत होतं. मग खोकं चार म्हणायला लागलं आणि ह्यांच्या कांद्यात पाणी आलं.

"कुणाला बोलला नाहीत?" रेश्मानं विचारलं.

"आलेल्या पान्याबद्दल कोन बोलतं बाई?"

आबासाहेबांची पेरूची बाग अगदी टेलला. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. त्यांनी आम्हाला सावलीत बसवलं आणि स्वतः उन्हात उभे राहिले. टेल आधी हा नियम त्यांनीच भांडून आणला होता. त्यासाठी त्यांनी हेडवाल्यांच्या लग्नांची आमंत्रणं गमावली, सख्ख्या साडूशी बोलणं तुटलं. पेरूची पानं पाण्यावाचून मिटत चालली होती.

"दत्तोबावर माझा भाऊ म्हणून जीव होता," ते म्हणाले. "पण पाणी कुणाच्या रानात गेलं ते डोळ्यांनी दिसतंय. आणि तो आठचं दार उघडलंय म्हणून सांगत बसला. खोटं बोलणाऱ्याच्या हातात मी टेल देऊ शकत नाही."

रेश्मानं मान डोलावली. खोकं कधीपासून आहे एवढंच विचारलं.

"हे? हे नवीन आहे. जुनं विजेनं जळालं. हे या आवर्तनाच्या तोंडावरच बसवलं. मी स्वतः शेजारी बसून होतो, नियमाला धक्का लागू नये म्हणून."

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. खोकं बदललंय हे आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

३

हेडचा मालक रणजित. इंदापुरात त्याचं खताचं दुकान आहे. मामांनी चोरी ज्याच्यासाठी केली तो हाच, म्हणून गावानं त्याच्याकडंच बोट दाखवलं होतं. मला वाटलं तो अंगावर येईल, पण तो आम्हाला बघून खूश झाला. त्याचीच तक्रार ऐकायला कुणीतरी आलं होतं.

"वहिनी, सगळे म्हणत्यात रणजितनं पाणी पळवलं. अवो, पळवलं असतं तर पुरं नसतं का पळवलं? माझं रान चारीवर सगळ्यात मोठं. माझ्या पाळीला सगळ्यात जास्त येळ दार उघडं राहतं. औंदा पाणी आलं पहिलं, खरं हाय, पन निम्म्या रानाला पोचायच्या आत दार बंद. खालचा ऊस वाळतोय."

"दार आपोआप बंद झालं?"

"आपोआप. मी दत्तोबातात्यांना फोन केला तर ते म्हनले, तुझं दार उघडलंच न्हाय तर बंद कुठनं व्हईल. मला वाटलं म्हातारा माझी चेष्टा करतोय."

परतीच्या वाटेवर मी माझं मत सांगितलं. रणजित अर्धं पाणी मिळाल्याचं नाटक करत असणार, म्हणजे संशय येत नाही. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

रेश्मा हसली नाही, म्हणजे ती विचारात होती. "आबांचं रान चारीवर सगळ्यात लहान आहे ना?" तिनं विचारलं.

"हो. पेरूचा तुकडा तेवढा."

"मग रणजितला किती वेळ पाणी मिळालं, ते मला कळलं."

४

खोकं बसवणारा संदेश बारामतीचाच. भिगवण रस्त्याला त्याचं सोलर आणि वायरिंगचं दुकान. मला वाटत होतं चोर असेल तर हाच, कारण तो बोलताना सारखा घाम पुसत होता. नंतर कळलं की दुकानातला पंखा त्याला स्वतःलाच दुरुस्त करायला वेळ नव्हता.

त्याचं म्हणणं साधं होतं. जुनं खोकं जळालं, तसलं आता बाजारात मिळत नाही, म्हणून दुसऱ्या जातीचं घेतलं. आतला प्रोग्राम लासुर्ण्याच्या ज्ञानेशनं पूर्वी लिहिलेला आहे, तोच नव्या खोक्यावर चढवला.

"तसाच उचलून ठेवता येत नाही," रेश्मा मला म्हणाली. "प्रत्येक जातीच्या यंत्राला प्रोग्राम नव्यानं बांधून द्यावा लागतो, त्याला कंपाइल करणं म्हणतात. आणि बांधायच्या आधी, आपण कुठल्या यंत्रावर आहोत, तिथं काय आहे नि काय नाही, हे चाचपून घ्यावं लागतं. ते कॉन्फिगर."

"ते सगळं ज्ञानेशच्या प्रोग्राममध्येच हाय मॅडम," संदेश म्हणाला. "आपलं आपण चाचपतं. स्क्रीनवर दिसतं, आपण नुसतं एंटर मारायचं. मला कायच करावं लागलं न्हाय. मी तर निम्मा वेळ खांबावर होतो, सोलरची वायर ओढत."

"आणि चालू केल्यावर तपासलं?"

"तपासलं की. आठच्या आठ दारं एकदम उघडली, आठच्या आठ एकदम बंद केली. आबा, दत्तोबातात्या, सगळे बघायला होते. टाळ्या वाजल्या."

"एकेक दार उघडून नाही बघितलं?"

संदेशनं घाम पुसला. सगळी उघडतात म्हटल्यावर एकेक कशाला बघायचं, असं तो म्हणाला, आणि मला ते अगदी पटलं.

ज्ञानेश आता परदेशात नोकरी करतो, पण तो रेश्माचा विद्यार्थी. तिनं दुकानाबाहेरूनच त्याला फोन लावला. प्रोग्राम दोन्ही जातींच्या खोक्यांवर तपासलेला आहे, असं तो म्हणाला. आजूबाजूच्या वाड्यांना जे स्वस्तात मिळेल त्या खोक्यावर चालावा म्हणून त्यानं तो मुद्दाम तसा लिहिला होता. गावातल्या कुणालाही जमावं म्हणून स्क्रीनवरचे शब्दही गावातलेच ठेवले होते.

"कॉन्फिगरला त्याचं त्याला शोधू दिलं तर चूक होणारच नाही मॅडम," तो म्हणाला.

रेश्मानं फोन पिशवीत टाकला. "शोधू दिलं तर," तिनं पुन्हा म्हटलं.

५

घरी आल्यावर तिनं ओट्यावर आठ वाट्या ओळीनं मांडल्या. मी भूक लागली म्हणून आत आलो होतो, पण वाट्या रिकाम्याच होत्या.

"नियमाप्रमाणे आधी आठ उघडायचं, उघडलं एक," ती बोट ठेवत म्हणाली. "पाच म्हटलं तेव्हा उघडलं चार. चार म्हटलं तेव्हा पाच. रणजितला पहिल्यांदा पाणी मिळालं, पण आठव्या दाराला ठरवलेल्या वेळेइतकंच. आता सांगा, हे कुणी चोरी करायला केलंय?"

मी वाट्यांकडं बघितलं. खरंच, एका दाराचं दुसऱ्याशी भांडण नव्हतं. सगळी ओळच उलटी झाली होती. पंगतीला वाढपी नेहमीच्या टोकाकडून सुरू व्हायच्या ऐवजी दुसऱ्या टोकाकडून आला, तर पहिल्याचं पान शेवटच्याला जातं, तसं.

"आणि सगळी एकदम उघडली तर ओळ उलटी आहे हे कळणारच नाही," मी म्हणालो. मला माझा फार अभिमान वाटला.

"बरोबर. प्रोग्राम आठ दारांची खूण एकाच आकड्यात घालून पाठवतो. त्या आकड्यातली घरं कुठल्या टोकापासून मोजायची, हे दर जातीच्या यंत्रावर वेगळं. जुनं खोकं एका टोकानं मोजायचं, नवीन दुसऱ्या. ज्ञानेशला हे माहीत आहे. त्याचं कॉन्फिगर ते शोधून काढतं आणि दारांची ओळ त्याप्रमाणे लावतं. म्हणजे कुणीतरी त्याला शोधू दिलं नाही."

तिनं लॅपटॉपवर ज्ञानेशनं पाठवलेला प्रोग्राम उघडला आणि कॉन्फिगर चालू केलं. स्क्रीनवर ओळी सरकायला लागल्या. घड्याळ आहे का, आहे. मोटारींची जोडणी, नाही. आणि मग सरकणं थांबलं. एक प्रश्न समोर आला.

आधी कुठलं टोक? हेड. बरोबर असेल तर एंटर दाबा, नसेल तर लिहा.

रेश्मानं हात मागं घेतला. मीही वाचलं, आणि चारीवरचा कुठलाही माणूस जे करील तेच माझ्या मनात आलं. मी म्हणालो, "हेड कसं? टेल पाहिजे."

"हेच," ती म्हणाली. "हा प्रश्न पाण्याचा नाहीच. आकड्याचा आहे. पुस्तकात याला मोठं टोक, लहान टोक म्हणतात. ज्ञानेश चारीवरचा पोरगा, त्याला टोक म्हटल्यावर हेड आणि टेलच सुचलं. एका लॅपटॉपवर बसून दुसऱ्या खोक्यासाठी प्रोग्राम बांधायचा असेल तर यंत्राला ते आपलं आपण कळत नाही, सांगावं लागतं. म्हणून त्यानं प्रश्न ठेवला. नव्या खोक्याची जात या लॅपटॉपचीच, म्हणून त्यानंही हेड असं बरोबर उत्तर शोधलं होतं. कुणीतरी ते खोडून टेल लिहिलं, आणि प्रोग्रामला वाटलं आपण जुन्याच खोक्यावर आहोत."

मी कोण ते विचारायच्या आत तीच पुढं बोलली. "रणजितला लबाडी करायची असती तर समोर हेड आयतंच लिहिलेलं होतं, त्यानं आनंदानं एंटर मारला असता. मामांनी त्याच्यासाठी केलं असतं तरी तसंच. संदेश काही वाचत नाही, तो एंटरवाला. टेल लिहिण्यासाठी हात कुणाचा शिवशिवेल? जो आयुष्यभर टेलसाठी भांडला त्याचा. संदेश खांबावर होता तेव्हा खोक्याशेजारी कोण बसलं होतं, हे त्यांनी आपल्याला स्वतःच सांगितलंय."

मला एकदम पेरूची मिटलेली पानं आठवली आणि वाईट वाटलं. ज्याची बाग वाळली त्यानंच ती वाळवली होती, तीही न्यायाच्या हौसेनं.

६

सभेत सांगायचं रेश्माच्या मनात नव्हतं. शनिवारी दुपारी आम्ही बागेत गेलो आणि तिनं आबासाहेबांना सगळं समजावलं. झाडाखाली आठ खडे मांडले. मामांना पुढच्याच वाक्यात सोडवावं अशी मला घाई झाली होती, पण ती सावकाश बोलली. आबांनी मधेच खड्यांवर हात ठेवला. त्यांना कळलं होतं.

"मी लिहिलं," ते म्हणाले. "हेड वाचलं आणि माझं डोकं फिरलं. वाटलं, पुन्हा तेच. यंत्रातसुद्धा हेडच आधी. मी एकेक अक्षर शोधून टेल लिहिलं, आणि मला केवढा आनंद झाला होता." मग त्यांनी विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघांना," रेश्मा म्हणाली. "उद्या तुम्ही सांगाल, असं मी धरून चाललेय. नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल. मामांची भाकरी त्यात आहे."

त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी घरी जाताना सारखा आरशातून मागं बघत होतो.

रविवारी शाळेच्या वर्गात सभा भरली. मामा सगळ्यात मागं, दाराला टेकून. आबासाहेब उठले. दत्तोबाला काढायचा विषय त्यांनी वाचला आणि कागद खाली ठेवला. दारं उलटी उघडली ती माझ्या हातानं, असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. खांबावरच्या संदेशचं नाव घेतलं नाही, ज्ञानेशचं घेतलं नाही. रणजितनं खाली मान घालून नखानं टेबलाची कड कुरतडली. शेवटी कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, चुकून झालं, दत्तोबा, घे बाबा किल्ली.

मामांनी किल्ली घेतली नाही.

"हितं सांगितलंसा, बरं झालं," ते म्हणाले. "पन हितं आमची मालकीण न्हाय. दळायला गेली तरी बाया तिच्या तोंडावर बोलल्या. तिला घरी यून सांगा."

आबासाहेब तसेच निघाले. पाठोपाठ निम्मा गाव निघाला होता, पण मामांनी हातानं थांबवला. आम्ही दोघं, मामा आणि आबा एवढेच घरी गेलो. मामी भाजी निवडत होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, घोंगडी टाकली. आबा घोंगडीवर न बसता खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी तिच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती आणि भाजी निवडत होती. मला वाटलं, ती आता रडेल किंवा तोंड सोडेल.

"आबा," तिनं शांतपणे विचारलं, "ह्यांना चोर ठरवायच्या आधी तुमी कुणाकुणाला इचारलंसा?"

आबांनी आठवून सांगितलं. टेलच्या लोकांना, रणजितला, संदेशला, संस्थेच्या सगळ्या सभासदांना.

"आन् ह्यांना?"

आबांनी नकारार्थी मान हलवली.

"तुमी शेवटाला बसलेल्या मानसांसाठी जलमभर भांडलासा. ह्यो पन शेवटालाच बसलेला मानूस हाय की. ह्याला का न्हाय आधी इचारलं?"

आबासाहेबांनी डोळे पुसले. मग ते बसल्या जागी मामांकडं वळले.

"बोल दत्तोबा," ते म्हणाले. "त्या दिवशी काय झालं, पहिल्यापासून सांग."

मामांनी घसा साफ केला. खोक्यावर आठ उघडं दिसलं तिथून त्यांनी सुरुवात केली आणि मग ते बराच वेळ बोलत राहिले, गुडघ्याबद्दल, कोरड्या चारीबद्दल, लोकांनी टाकलेल्या शब्दांबद्दल. आबासाहेबांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही.